पाठीवरचे ओझे मोजणारा डॉक्टर

डॉक्टरांनी राजकारणात उतरावे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली, तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान झाले ते नागपुरात वैद्यक व्यवसाय करणारे डॉ. नारायण भास्कर खरे. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या काळी पंतप्रधान म्हणत. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व अबकारी ही खाती हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर यांच्याकडे आली आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दारूबंदी लागू करण्याचे कठीण काम या पारशी डॉक्टरांनी निष्ठेने केले. बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी तर मुख्यमंत्रिपदावर असतानाही रुग्ण तपासणे सोडले नाही. डॉ. खरे यांचे मंत्रिपद मात्र जेमतेम वर्षभर टिकले. पक्षांतर्गत वादात ते गेले. रोगाचे निदान करता येते म्हणून पक्षाचेही करता येईल असे नसते, हे त्यांना फार लवकर कळले असावे.

आज ज्या डॉक्टरांविषयी लिहावयाचे आहे ते विधानसभेत कधी बसले नाहीत, मंत्री तर नाहीच नाही. त्यांनी पाहिलेले सभागृह पुणे महानगरपालिकेचे, तेही साठच्या दशकातील काही वर्षांपुरते. तरीही मार्केट यार्डातील आपल्या बहुतेक पेढ्यांच्या खतावणीत 'माथाडी मंडळ' या नावाचे एक पान असते आणि पुण्यापुरते बोलायचे तर त्या पानामागे उभ्या असलेल्या माणसांत पहिले नाव डॉ. बाबा आढाव यांचे घ्यावे लागते. आपल्या समाजातील घरांत हे नाव दोन वेगवेगळ्या स्वरांत घेतले जाते. गाळ्यावर बसणारी पिढी ते घेताना कपाळाला किंचित आठी पाडते. शाळा-कॉलेजात शिकणारी मुले ते समाजसुधारकांच्या यादीत वाचतात. एकाच माणसाच्या या दोन प्रतिमांचा मेळ घालण्याचा फारसा प्रयत्न आपण केलेला नाही. मी पेठांतील बँकेच्या शाखांत बरीच वर्षे काढली. गल्ल्याच्या एका बाजूला व्यापाऱ्यांची कॅश क्रेडिट खाती आणि दुसऱ्या बाजूला हमालांची बचत खाती, असे दोन्हीकडचे व्यवहार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्या अधिकारावर हे धाडस करतो आहे.

बाबांचा जन्म १ जून १९३० चा, पुण्यातलाच. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि आजोळच्या आधाराने ते नाना पेठेत वाढले. हा परिसर आपल्याला अपरिचित नाही. नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठ हा पुण्याच्या घाऊक व्यापाराचा जुना गाभा. मारवाड, गुजरात, कच्छ येथून निघालेली आपली कितीतरी घराणी याच गल्ल्यांतून स्थिरावली. खाली दुकान, मागे वखार आणि वर घर, अशी ती रचना. त्याच गल्ल्यांत हमाल, हातगाडीवाले, कागद-काच वेचणाऱ्या बाया यांचीही वस्ती होती. गंज पेठेतच महात्मा फुले यांचा वाडा आहे. फुले हे समाजसुधारक होते हे सर्वांना ठाऊक असते. ते कंत्राटदार व व्यावसायिक होते, हिशेब जाणणारे गृहस्थ होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. असो. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत बाबांवर साने गुरुजी आणि एस. एम. जोशी यांचे संस्कार झाले आणि पुढे फुल्यांचा सत्यशोधकी विचार त्यांच्या जीवनाचा कणा बनला.

त्यांनी आयुर्वेदाचे शिक्षण घेतले आणि पन्नाशीच्या दशकात नाना पेठेत दवाखाना थाटला. त्याआधीच, १९५२ साली, धान्याच्या भाववाढीविरुद्धच्या सत्याग्रहात भाग घेऊन ते तुरुंग पाहून आले होते. हडपसर तेव्हा पुण्याबाहेरचे गाव होते. ऊस, भाजीपाला आणि मळे यांचे. तेथे डॉ. दादा गुजर यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर साने गुरुजींच्या नावाने रुग्णालय उभे करण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. म्हणजे एका बाजूला पेठेतला दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला गावातले रुग्णालय. गरिबांचा डॉक्टर म्हणून सुखाने जगता येईल, लोक दुवा देतील, एवढे आयुष्य त्यांच्या हाताशी आले होते.

परंतु दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांत हमालांची संख्या मोठी होती. भुसार बाजारात पोती वाहणाऱ्या माणसाचे आजार ठरलेले असतात. कंबर धरते, मणके झिजतात, गुडघे जातात, अंतर्गळ होतो; मिरची, हळद आणि धान्याची धूळ छातीत बसून खोकला जडतो. अशा रुग्णाला डॉक्टर काय सांगणार? तेल लावून शेका, काढा घ्या, आणि आठ दिवस विश्रांती घ्या. यांपैकी विश्रांती ही एकच गोष्ट खरी औषधी, आणि तीच हमालाला परवडणारी नाही. ज्या दिवशी पोते उचलले नाही त्या दिवशी चूल पेटली नाही. चार दिवसांनी तो पुन्हा पोत्याखाली जातो आणि आठव्या दिवशी पुन्हा दवाखान्यात येतो. आजार पोत्यात आहे आणि औषध बाटलीत आहे, तर गुण कसा येणार, हा प्रश्न विचार करणाऱ्या कोणत्याही वैद्याला पडलाच असता. बाबांना तो पडला आणि त्यांनी तो सोडला नाही.

शंभर वर्षांपूर्वी युरोपात असेच एकदा घडले होते. १८४८ साली प्रशियाच्या सरकारने अप्पर सायलेशिया प्रांतात पसरलेल्या टायफसच्या साथीची पाहणी करण्यासाठी रुडॉल्फ फिरखो या तरुण डॉक्टराला पाठवले. सरकारला औषधांची यादी हवी होती. फिरखोने अहवालात शिक्षण, स्वराज्य, रस्ते, शेतीसुधारणा आणि करांचा न्याय्य बोजा यांची मागणी केली. पुढे हाच गृहस्थ बर्लिनच्या नगरपालिकेत निवडून गेला, शहराच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी झटला आणि प्रशियाच्या विधिमंडळातही बसला. नाना पेठेतील डॉक्टराची वाट या वाटेशी पुष्कळ जुळते.

आता हमालाची स्थिती व्यवहाराच्या भाषेत समजून घेऊ, कारण खरा पेच तेथेच आहे. दुकानातील दिवाणजी, गडी, स्वयंपाकी हे मालकाचे नोकर. त्यांना पगार, सणावाराला बक्षिसी, अडीनडीला उचल. हमालाचे तसे नव्हते. तो टोळीत काम करी. टोळी सकाळी एका पेढीवर ट्रक उतरवी, दुपारी दुसऱ्या पेढीवर थप्पी लावी, संध्याकाळी तिसऱ्याचा माल भरून देई. मोबदला नगावर. मग हमाल नोकर कोणाचा? पेढीवाला म्हणे, 'माझा नाही, तो टोळीचा.' टोळीचा मुकादम म्हणे, 'मी तर त्यांच्यातलाच एक.' शेतकरी आणि खरेदीदार यांचा तर प्रश्नच नव्हता. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामगारावर अतिभार घालण्याविरुद्ध तरतूद आहे, पण बाजार म्हणजे कारखाना नव्हे. १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी कायदा झाला, पण त्याला आधी मालक लागतो. अशा रीतीने शहरातील सर्वांत अवजड काम करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोणाचाच नव्हता. वही जिथे बंद होते तिथे नावच नाही, तर जमा-खर्च कुठे टाकणार?

या ठिकाणी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, जी आपल्या मंडळींत फारशी बोलली जात नाही. हमाली हा खर्च बहुतांशी पेढीच्या नफ्यातून जात नसे. माल उतरवण्याची हमाली आणि तोलाई शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून वजा होई, पुढची हमाली खरेदीदाराच्या बिलात लागे. आडत्याच्या हातून पैसा जाई, पण तो दुसऱ्याचा. तेव्हा हमालीच्या दरावरून बाजारात जे तंटे झाले त्यांत प्रश्न पैशाचा जितका होता त्याहून अधिक जबाबदारीचा होता, असे मला वाटते. दरवाढ देऊ, पण 'हा माझा माणूस' असे कागदावर लिहून देणार नाही, ही भूमिका होती. ती समजण्यासारखी आहे. कागदावर एकदा मान्य केले की आजारपण, अपघात, म्हातारपण सगळेच मागून येते, हे व्यापाऱ्याला बरोबर कळत होते.

१९५५-५६ च्या सुमारास बाबांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. युनियन न म्हणता पंचायत हे नाव घेतले, त्यात अर्थ आहे. हे हमाल दुष्काळी तालुक्यांतून आणि मावळातून आलेले. गाव, जात, भावकी यांनी बांधलेले. त्यांना परिचित असलेला शब्द पंचायत. त्या पंचायतीत मालकाशी भांडण होईच, पण आपसातले तंटे, दारू, कर्ज, मुलांच्या शाळा यांचाही विचार होई. संप, मोर्चा, सत्याग्रह ही हत्यारे त्यांनी भरपूर वापरली. त्यातील काही संप आपल्या वडीलधाऱ्यांना चांगलेच आठवत असतील. सणाच्या तोंडावर माल वखारीत अडकून पडणे म्हणजे काय ते व्यापाऱ्यालाच कळते. पण ज्याच्याजवळ विकायला पाठीखेरीज दुसरे काही नाही, त्याने पाठ काढून घेणे हाच त्याचा एकमेव सौदा असतो, हेही कोणी नाकारू नये.

नगरसेवक म्हणून त्यांची कारकीर्द मी थोडक्यात सांगतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याचा चेहरा बदलला. पूरग्रस्तांच्या वसाहती, वाढत्या झोपडपट्ट्या, तेथील पाणी आणि संडास हे साठच्या दशकातील महापालिकेचे मोठे प्रश्न होते. बाबांनी झोपडीवासीयांना संघटित केले आणि त्यांचे प्रश्न सभागृहात नेले. परंतु सभागृहातील ठराव आणि वस्तीतील नळ यांच्यामधले अंतर त्यांना अस्वस्थ करीत असावे. निवडणुकीचे राजकारण त्यांनी पुढे मागे टाकले. दवाखानाही मागे पडला. पत्नी शीलाताई परिचारिका होत्या; घराचा भार बराचसा त्यांनी उचलला. समाजकार्यकर्त्यांच्या चरित्रांत अशा उचललेल्या भाराला एखादे वाक्य मिळते, तसे ते येथेही मिळाले आहे.

खरी कलाटणी कायद्याने दिली. मुंबईच्या बंदरावर आणि बाजारांत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची प्रचंड संघटना उभी केली होती. माथाडी म्हणजे माथ्यावरून ओझे वाहणारा. मुंबईतील हा रेटा, पुण्यातील हमाल पंचायतीसारख्या संघटनांची मागणी आणि वसंतराव नाईक यांच्या सरकारची मान्यता यांतून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम संमत झाला. या कायद्याची बांधणी मला बँकेचा माणूस म्हणून फार आवडते. 'हमालाचा मालक कोण' या प्रश्नाचे उत्तर कायद्याने शोधत बसण्याचे टाळले. त्याने एक मंडळ निर्माण केले, ज्यात व्यापारी, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करावी, हमालानेही करावी. हमालीची रक्कम आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने मंडळाकडे भरावी. मंडळाने हमालाला मजुरी द्यावी आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार यांची तरतूद करावी. म्हणजे पन्नास पेढ्यांवर पन्नास तुकड्यांत काम करणाऱ्या माणसाचे तुकडे एका खात्यात जमा होऊ लागले. हा एका अर्थी समाशोधनगृहाचाच प्रकार. बँकांच्या क्लिअरिंगमध्ये आम्ही जे धनादेशांचे करीत होतो ते येथे श्रमाचे झाले.

कायदा झाला म्हणून तो सर्वत्र आपोआप लागू झाला असे मात्र नाही. उद्योगागणिक आणि क्षेत्रागणिक योजना व्हावी लागते, मंडळ नेमावे लागते, नोंदणी करून घ्यावी लागते. मालकांनी कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पुण्याच्या बाजारात त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून हमाल पंचायतीला वर्षानुवर्षे झगडावे लागले. पुढे बाजार पेठांतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलला, तेथे हमाल भवन उभे राहिले आणि हमालांची पतसंस्था, घरबांधणी, शाळा, दवाखाना अशी कामे पंचायतीच्या छत्राखाली वाढली.

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात हमाल बँकेत येत तो बहुधा मालकाचा धनादेश घेऊन, मालकासाठी. काउंटरशी येताना पायताण बाहेर काढून ठेवीत, देवळात आल्यासारखे. स्वतःच्या नावाचे खाते ही कल्पनाच त्यांना दूरची होती. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली तशी खाती उघडू लागली. अंगठ्याचा ठसा, फोटो, ओळख देणारा खातेदार हे सोपस्कार करताना एकेका अर्जाला अर्धा अर्धा तास लागे. एकदा पन्नाशीचा एक हमाल पासबुक घेऊन गेला आणि थोड्या वेळाने परत आला. त्याला विचारायचे होते की या पुस्तकात जी रक्कम लिहिली आहे ती मालकाने मागितली तर द्यावी लागेल का. मी म्हटले, 'नाही, तुमच्या सहीशिवाय कोणी काढू शकत नाही.' तो म्हणाला, 'मला सही येत नाही.' मी म्हटले, 'मग तुमच्या अंगठ्याशिवाय.' त्याने आपल्या अंगठ्याकडे जरा वेळ पाहिले आणि तो गेला.

आता ओझ्याविषयी. पूर्वी धान्याचे, साखरेचे पोते क्विंटलचे, म्हणजे १०० किलोचे असे. पाठीवर घेणाऱ्या माणसाचे स्वतःचे वजन बहुधा त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. हिशेब करून पाहा. दहा टनांचा ट्रक म्हणजे शंभर पोती. चौघांच्या टोळीने दिवसात दोन ट्रक उतरवले तर प्रत्येकाच्या पाठीवरून पन्नास पोती, म्हणजे पाच टन माल जातो. आणि थप्पी उंच होत गेली की शेवटची पोती फळीवरून चढून न्यावी लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. हमाल पंचायतीची आणि राज्यातील हमाल संघटनांची मागणी ५० किलोच्या पोत्याची होती आणि ती मान्य व्हायला कित्येक दशके गेली. बाजाराची हरकत होती की बारदानाचा खर्च दुप्पट होईल, शिलाई वाढेल, मोजदाद वाढेल. हरकत खोटी नव्हती. पण आज आपण ५० किलोच्या, ३० किलोच्या गोण्या सहज विकतो आणि त्यामुळे कोणाची पेढी बसली असे माझ्या ऐकण्यात नाही.

या मुद्द्यावर आपल्या वाचकांना मी एक गोष्ट आठवून देऊ इच्छितो. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे, अहिंसेचे, पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यांतील चौथा आहे अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे; आणि पाचवा अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रिताचे अन्नपाणी रोखणे. लहानपणी आम्हाला याचा अर्थ सांगताना बैलगाडीचे उदाहरण दिले जाई. बैल गेले, टेम्पो आले आणि तो अतिचार जणू कालबाह्य झाला असे आम्ही समजून चाललो. शास्त्रकारांनी तो केवळ जनावरापुरता सांगितलेला नाही. चाकर-नोकरही त्यात येतात. मुक्या जनावरांसाठी पांजरपोळ काढणाऱ्या, पक्ष्यांना दाणे टाकणाऱ्या समाजाला पोत्याचे वजन कमी करण्याची गोष्ट बाहेरच्या एका सत्यशोधकी डॉक्टराने संप करून सांगावी लागली, यावर कोणी मुनिमहाराजांनी चातुर्मासात एखादे प्रवचन द्यावे असे मला पुष्कळदा वाटले आहे.

पाचव्या अतिचारावरूनही बाबांच्याच एका कामाची आठवण होते. १९७४ साली हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' हा उपक्रम सुरू केला. दिवसभर ओझे वाहणाऱ्याला पोटभर, ताजे आणि स्वस्त जेवण मिळावे. भाकरी, भाजी, झुणका. ना नफा ना तोटा. बायकांना त्यात काम मिळाले. सवलतीच्या सरकारी झुणका-भाकर केंद्रांची कल्पना राज्यात पुढे दोन दशकांनी गाजली आणि विरली. 'कष्टाची भाकर' मात्र टिकली, कारण तिचा हिशेब रोजच्या रोज लागत होता. येथे मला आपल्या दि पूना मर्चंट्स चेंबरचाही उल्लेख केला पाहिजे. दिवाळीत रास्त भावाने लाडू-चिवडा विकण्याचा त्यांचा उपक्रम वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या रांगा पुणेकरांना परिचित आहेत. एकाच यार्डात एका टोकाला हमालांची भाकरी आणि दुसऱ्या टोकाला व्यापाऱ्यांचा लाडू, दोन्ही ना नफा ना तोटा. ज्यांना आपण एरवी परस्परांचे वैरी समजतो त्यांचे हिशेबाचे तत्त्व एकच निघते, ही गंमत मला फार भावते.

बाजाराबाहेरची त्यांची कामे एवढी आहेत की प्रत्येकावर वेगळा लेख व्हावा. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास त्यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम हाती घेतली, गावोगाव फिरून दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिले जाते की नाही हे पाहिले आणि त्यावर पुस्तक लिहिले. धरणांखाली जमिनी गेलेल्यांसाठी ते उभे राहिले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. आणीबाणीत तुरुंगवास झाला. १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची पंचायत पुण्यात स्थापन झाली, तिच्या पाठीशीही ते होते. रिक्षाचालकांचीही पंचायत झाली. तुरुंगाच्या वाऱ्या तर मोजण्यापलीकडच्या.

व्यापाऱ्यांच्या तक्रारींकडे मी डोळेझाक करणार नाही. माथाडी कायद्याच्या नावाखाली दमदाटी करणाऱ्या, काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्या औद्योगिक पट्ट्यात निर्माण झाल्या, हे उघड सत्य आहे आणि त्याचा मनस्ताप आपल्यातील कित्येकांनी भोगला आहे. आपल्या पसंतीचा कामगार घेता येत नाही, यंत्राने काम केले तरी हमाली मागितली जाते, इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल तोलला जात असताना तोलणाऱ्याची लेव्ही कशासाठी, हे प्रश्न बाजारात सतत धुमसत असतात. २०२३ साली शासनाने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. गैरप्रकार थांबवणे हा हेतू सांगितला गेला. दुरुस्तीमुळे कायद्याचे संरक्षणच पातळ होईल, असे म्हणून हमाल संघटनांनी कडाडून विरोध केला आणि नव्वदी ओलांडलेले बाबा त्यात पुढे होते. माझे मत विचाराल तर बनावट टोळ्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करावा. खोट्या नोटा चलनात आल्या म्हणून आम्ही बँकेत कधी नोटा घेणे बंद केले नाही. खोटी ओळखायला शिकलो. इलेक्ट्रॉनिक काट्याचा प्रश्न वेगळा आहे. तेथे यंत्राने खरोखरच माणसाचे काम घेतले आहे आणि त्याचा निवाडा दोन्ही बाजूंनी एकत्र बसून करावा लागेल.

असंघटित कष्टकऱ्याला निवृत्तिवेतन मिळावे, ही बाबांची दीर्घकाळची मागणी. आम्हा बँक कर्मचाऱ्यांना १९९५ च्या विनियमांनी पेन्शन मिळाले. त्यासाठी आमच्या संघटनांनी जे झगडे केले त्यांत उन्हात उभे राहण्यापलीकडे फारसे कष्ट नव्हते. दर महिन्याच्या अखेरीस खात्यात रक्कम जमा झाल्याचा संदेश मोबाईलवर येतो तेव्हा मला कधी कधी तो अंगठ्याकडे पाहणारा हमाल आठवतो. त्याचे पुढे काय झाले, मला माहीत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरअखेर, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षात, बाबा गंज पेठेतील फुले वाड्यात तीन दिवस उपोषणाला बसले. कारण निवडणुकीतील पैशाचा वापर आणि मतदानयंत्रांविषयीच्या शंका. त्यांच्या त्या भूमिकेशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. भेटायला नेते आले, वार्ताहर आले, कॅमेरे आले. ज्या वस्तीत त्यांनी दवाखाना थाटला होता ती तेथून चालत जाण्याच्या अंतरावर. भुसाराच्या वखारी आता तेथे फारशा उरलेल्या नाहीत. इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि आपल्यातील पुष्कळ कुटुंबे मार्केट यार्ड, बिबवेवाडी, कोंढव्याकडे राहायला गेली आहेत. हमालही गेले, बहुतेक तिकडेच.